नसलेल्या खोलीचा पत्ता

१

ऑफिसात पोचलो की मी पिशवी खुर्चीला अडकवतो, चष्मा पुसतो आणि घराची हजेरी घेतो.

मी एका शीतगृहात नोकरीला आहे. लोकांची फळं, फुलं, औषधं आमच्याकडे थंड राहतात. प्रत्येक खोलीत तापमान मोजणारी एक डबी असते आणि तिचे आकडे माझ्या टेबलावरच्या पडद्यावर येतात. हे आकडे आणणारा प्रोग्रॅम ज्याने लिहिला तो केव्हाच नोकरी सोडून गेला. प्रोग्रॅम अडला की बाहेरून माणूस बोलवावा लागायचा, आणि तो येईपर्यंत फुलं माना टाकायची. म्हणून चाळिशी उलटल्यावर मी स्वतःच सी भाषा शिकलो. जुनी पुस्तकं, रिकाम्या दुपारी आणि भरपूर चुका, एवढंच भांडवल. शिकवणारं कुणी नसलं की माणूस प्रत्येक गोष्ट स्वतः तपासून घेतो. ती सवय मला लागली ती लागलीच.

घरी मी आणि आई. आईची आठवण हल्ली धड राहत नाही. दिवसा एक बाई तिला सांभाळायला येतात, पण त्याही मधून मधून बाजारात जातात, धुणं वाळत घालायला गच्चीवर जातात. म्हणून ऑफिसातल्यासारख्याच डब्या मी घरीही बसवल्या. बैठक, स्वयंपाकघर, गॅलरी आणि आईची-खोली. खोलीत गरम किती आहे आणि कुणाची हालचाल आहे का, एवढं त्या सांगतात.

संगणकाला नाव कळत नाही, पत्ता कळतो, आणि पत्ता म्हणजे आकडे. त्यामुळे माझा प्रोग्रॅम आधी नाव घेऊन विचारतो: आईची-खोली कुठे आहे? इंटरनेटची जी पेटी असते तिच्याकडे घरातल्या नावांची यादी आहे. ती पत्ता सांगते. मग त्या पत्त्यावर जाऊन प्रोग्रॅम तापमान विचारतो. बैठकीतल्या टेबलाखाली एक जुना संगणक आहे, त्याच्यावर हे दिवसभर चालतं आणि ओळी मला ऑफिसात दिसतात.

डब्या चार, पण नावं मी पाच विचारतो. पाचवं नाव खोटं आहे. ज्याला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मिळतं त्या प्रोग्रॅमवर माझा विश्वास बसत नाही. नसलेली गोष्ट विचारल्यावर त्याला 'नाही' म्हणता यायला हवं. म्हणून यादीच्या शेवटी एक नसलेलं नाव टाकलं: मागची-खोली. आमच्या घराला मागची खोली नाही. आईची खोली शेवटची. तिच्या पलंगाची भिंत ही इमारतीची बाहेरची भिंत, आणि तिच्या पलीकडे तिसऱ्या मजल्याची हवा आणि सांडपाण्याचा एक पाइप.

चार ओळींना पत्ते आणि पाचवीला 'असं नाव नाही', असं दिसलं की मी चहा घ्यायला उठायचो.

ह्या हजेरीवर बरंच काही टांगलेलं होतं. माझी मोठी बहीण दुसऱ्या शहरात राहते. तिचं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं की आईला तिच्याकडे पाठव. मी नको म्हणायचो. आई रोज मला विसरते आणि रोज संध्याकाळी माझी चप्पल वाजली की तिला मी आठवतो. ती दूर गेली तर चप्पल कुठून वाजणार? शेवटी आमचं ठरलं होतं. जोपर्यंत माझ्या डब्या नीट चालतात तोपर्यंत आई माझ्याकडे. एकदा जरी गफलत झाली तर ताईकडे.

त्या सकाळी पाचही ओळींना पत्ते होते.

२

पहिला संशय मी स्वतःवर घेतला.

नावावरून पत्ता काढायची सी भाषेत एक जुनी रीत आहे. ती आपलं उत्तर नेहमी एकाच ठरलेल्या जागेत ठेवते. नवीन नाव विचारलं की नवं उत्तर जुन्याच्या उरावर बसतं. हे विसरून जुन्या उत्तराचं बोट धरून राहिलात तर हातात भलत्याचाच पत्ता येतो. मी तीच रीत वापरली होती. मग इथेही तसंच झालं असेल. आधी विचारलेल्या आईच्या खोलीचा पत्ता तिथे तसाच पडून राहिला असेल आणि मागच्या खोलीपुढे छापला गेला असेल.

पण तसं असतं तर दोन्ही पत्ते एकच निघाले असते. एक नव्हते. मागच्या खोलीचा आकडा आईच्या खोलीच्या लगेच पुढचा होता. एका जिन्यावरच्या दोन दारांचे असतात तसे.

दुसरी शक्यता. काही इंटरनेटवाले नसलेलं नाव विचारलं की आपल्याच जाहिरातीचा पत्ता हातात देतात. पण तो बाहेरचा असता. हा आकडा आमच्या घरातला होता.

तिसरी. घरात कुणी पाहुणा आला असेल आणि त्याचा फोन पेटीला जोडला गेला असेल. मी बाईंना फोन लावला.

"घरी कुणी आलंय का?"

"कोण येणार, दादा? दूधवाला येऊन गेला. तो काय आत येतो होय."

"आई काय करतेय?"

"पडल्यात भिंतीकडे तोंड करून. माझ्यावर रुसल्यात."

"का?"

"म्हणतात, तुझा आवाज मोठा आहे, पलीकडे ऐकू जातो."

"पलीकडे कुठे?"

"आता ते मला काय ठाऊक? पलीकडे कबुतरं आहेत. त्यांची झोपमोड होत असेल."

मी हसलो. बाईही हसल्या. पडद्यावर पाचवी ओळ तशीच होती.

३

घरी गेल्यावर चप्पल मुद्दाम जोरात वाजवली. "आलास?" आई आतून म्हणाली. म्हणजे दिवस चांगला होता.

जेवणं उरकून मी प्रोग्रॅम उघडला आणि जुनी रीत काढून टाकून नवी घातली. ही नवी रीत प्रत्येक उत्तरासाठी वेगळी जागा घेते आणि काम झालं की ती जागा आपण परत करायची असते. उत्तरांची सरमिसळ व्हायला त्यात वावच नाही. जुळवाजुळव करून पुन्हा चालवला.

पाच पत्ते.

मग मी तारेवरून खरंच काय येतं ते बघायला बसलो. आमच्या पेटीचं उत्तर बरोबर होतं: असं नाव नाही. पण त्या उत्तराच्या किंचित आधी आणखी एक उत्तर येत होतं. ते म्हणत होतं, आहे, आणि पुढे पत्ता. प्रोग्रॅम पहिलं येईल ते उत्तर घेतो आणि पुढे सरकतो. त्याचं काहीच चुकत नव्हतं. त्याने एकाला विचारलं होतं आणि उत्तर दुसऱ्याने दिलं होतं.

पेटीवर बाहेरून कुणी शिरलं असेल म्हणून मी तिचा परवलीचा शब्द बदलला, ती बंद करून चालू केली. बंद असताना घरातलं सगळंच गप्प झालं. चालू केल्यावर सगळ्यात आधी उत्तर आलं ते मागच्या खोलीचं. आमच्या चार डब्या अजून जाग्या व्हायच्या होत्या.

आईच्या खोलीत गेलो तेव्हा ती उशी घेऊन पलंगाच्या पार कडेला, भिंतीला चिकटून निजली होती. पांघरूण पायाशी गोळा झालेलं.

"थंडी नाही वाजत?"

"इकडे ऊब आहे." तिने भिंतीवर थोपटलं. "हात लाव."

मी लावला. ही भिंत ह्या दिवसांत नेहमी गार असते. बाहेरून वारा लागतो तिला आणि ऊन अजिबात लागत नाही. ऊन येतं ते गॅलरीकडून. पाइप आहे तो दुसऱ्या कोपऱ्यात. तरीही भिंत कोमट होती. उन्हाने भिंत तापते तेव्हा ती कोरडी तापते, हाताला टोचते. ही तशी नव्हती. कुणाच्या पाठीवर हात ठेवल्यावर तळव्याला लागतं तसं लागत होतं.

मी हात जरा जास्तच चटकन काढला असणार, कारण आई म्हणाली, "चावत नाही ते."

४

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून एक गोष्ट केली. ती करायला नको होती असं आता वाटतं, पण तेव्हा साधी तपासणी वाटली. आतापर्यंत पाचव्या नावाचा मी फक्त पत्ता विचारत होतो. पुढे तिथे जाऊन तापमान विचारण्याचा प्रश्नच नव्हता, कारण पत्ता कधी येणारच नव्हता. आता आला होता. तर विचारून बघू, असं म्हणून मी प्रोग्रॅमला त्या पत्त्यावर पाठवलं.

उत्तर लगेच आलं. छत्तीस आणि वर थोडं.

तापमानं बघण्यात माझी निम्मी नोकरी गेली आहे. खोली कुठलीही असो, तिचा आकडा स्थिर राहत नाही. दार उघडलं की हलतो, दिवा लावला की हलतो, सकाळी एक असतो आणि दुपारी दुसरा. आमच्याकडे एवढी मोठी यंत्रं लावूनसुद्धा आकडा सारखा खालीवर होत राहतो आणि आम्ही त्याच्यामागे धावतो. हा आकडा जेवणाच्या सुट्टीपर्यंत हलला नाही. सुट्टीनंतरही नाही. बाहेर ऊन कलंडलं, आमच्या गॅलरीचा आकडा चढून उतरला, आणि हा होता तिथेच.

इतकं नेमकं तापमान खोल्यांना धरता येत नाही. ते अंगांना येतं.

शेजारच्या टेबलावरचे हिशेबनीस माझ्या खांद्यावरून डोकावले. "छत्तीस? कुठल्या खोलीत? सगळा माल सडेल की हो."

"घरचं आहे," मी म्हणालो.

"घरी काय भट्टी लावलीय?"

मी काहीतरी बोललो आणि ओळ झाकली. तापमानापुढे हालचालीचा रकाना असतो. तिथे लिहिलं होतं: आहे.

५

ताईचा फोन आला तेव्हा मी आईची वेणी घालत होतो. बाईंना सुट्टी होती.

"काय म्हणतायत तुझे डबे?" ताईने विचारलं. माझी पन्नाशी उलटली तरी ती मला छोट्याच म्हणते आणि माझ्या कामाला डबे.

"ठीक चाललंय."

"आईचं पोट दुखतं तेव्हा कळतं का रे त्यांना?"

"पोटाचं नाही कळत. ती उठली, बसली, तेवढं कळतं."

"मग माझ्या नवऱ्यापेक्षा बरे आहेत." मग ती म्हणाली, "छोट्या, खरं सांग. तुझा आवाज असा का येतोय?"

"सर्दी."

"सगळे नीट चालतायत ना?"

पाच विचारले आणि पाच सापडले, हे मी तिला कसं सांगणार होतो? कमी सापडले असते तर गफलत म्हणता आली असती. जास्त सापडण्याबद्दल आमचं काहीच ठरलं नव्हतं. "सगळे," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं, म्हणूनच तोंडातून निघालं.

फोन ठेवला. माझ्या हातातली वेणी अर्धी राहिली होती. आई भिंतीकडे बघत मान हलवत होती, समोरचा बोलत असताना आपण हलवतो तशी. मग म्हणाली, "आहे."

"काय आहे, आई?"

"तुला नाही म्हटलं."

६

खोट्या नावाची ओळ मी त्याच दिवशी प्रोग्रॅममधून काढून टाकली. आपण विचारतो म्हणून उत्तर येतं, विचारायचंच नाही. पडद्यावर पुन्हा चार ओळी आल्या. दिसायला सगळं पूर्वीसारखं.

तरी मन शांत होईना, म्हणून सुट्टीच्या दिवशी दुपारी मी पेटीला कोण काय विचारतं ते बघायला बसलो. आई आत पडली होती. खिडक्या उघड्या होत्या, खाली मुलं सायकली फिरवत होती. लख्ख दुपार होती. हे मुद्दाम लिहितो, कारण अंधारात माणूस काहीही बघतो.

माझ्या प्रोग्रॅमचे प्रश्न ओळीने दिसत होते. बैठक कुठे आहे? स्वयंपाकघर कुठे आहे? गॅलरी कुठे आहे? आईची-खोली कुठे आहे? आणि त्यांच्या खाली तेच चार प्रश्न, त्याच क्रमाने, दुसऱ्या कुणीतरी विचारलेले. विचारणाऱ्याचा पत्ता मला पाठ झाला होता. आईच्या खोलीच्या पुढचा.

मी तिथे एकही डबी ठेवलेली नव्हती. पण मी जसं घराची हजेरी घेत होतो तशी तिथून कुणीतरी घेत होतं. माझ्याकडूनच शिकल्यासारखं.

तेव्हा मला एक साधी गोष्ट लक्षात आली. ती मला माहीत होती. पहिल्याच पुस्तकात वाचली होती, पण तिच्याकडे मी असं कधी बघितलं नव्हतं. प्रश्न विचारणाऱ्याला आपला पत्ता प्रश्नाबरोबर पाठवावाच लागतो. नाहीतर उत्तर कुठे यायचं? मी इतके दिवस समजत होतो की मी रिकाम्या जागेला हाक मारतोय. खरं म्हणजे दिवसभर, माझ्या गैरहजेरीतसुद्धा, माझं घर ओरडून सांगत होतं की आम्ही इथे आहोत. आणि बरोबर एक नावही देत होतं. ज्याला नाव नव्हतं त्याला.

मी बघत होतो तेवढ्यात क्रम बदलला. बैठक गळली. स्वयंपाकघर गळलं, गॅलरी गळली. फक्त आईची-खोली, आईची-खोली. मग तेही थांबलं आणि नवीनच नाव आलं.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. आईचं लहानपणीचं लाडाचं नाव आहे ते. माझ्या थोरल्या मावशीने ती जायच्या आधी एकदा दवाखान्यात आईला त्या नावाने हाक मारली होती, तेव्हाच काय ते मी ऐकलं. ताईलाही ते माहीत नाही. आमच्या कुठल्याही यंत्रात ते नाही.

कुठे आहे? विचारणारा विचारत होता.

पेटीने उत्तर दिलं: असं नाव नाही.

आणि आतल्या खोलीतून आई म्हणाली, "आहे."

मी खुर्चीवरून हललो नाही. पुन्हा तेच नाव आलं. पेटी म्हणाली, नाही. आई म्हणाली, "आहे, आहे," शाळेत हजेरीला दुसऱ्यांदा नाव घेतलं की मुलं म्हणतात तसं, जरा चिडून. एकदा योगायोग म्हणता येतो. मी तो म्हणायची तयारी ठेवून बसलो होतो. पण नाव येत राहिलं, आणि प्रत्येक वेळी ते पडद्यावर उमटल्यावरच आईचा आवाज आला, त्याच्या आधी एकदाही नाही. आईच्या पलंगावरून पडदा दिसत नाही. मध्ये भिंत आहे.

आतापर्यंत तिला पत्ता सांगता येत नव्हता, एवढंच. ती नुसतं 'आहे' म्हणत होती.

७

मी ताईला फोन करून म्हणालो, "घेऊन जा."

मला वाटलं होतं ती टोमणा मारेल. तिकडे कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "परवा येते गाडी घेऊन. तू जेवलास का?"

ताईचं घर मला आतून बाहेरून माहीत आहे. उंच इमारतीतला छोटा फ्लॅट. दार उघडलं की बैठक, डावीकडे स्वयंपाकघर, उजवीकडे निजायची खोली. संपलं. बैठकीतून हाक मारली तर स्वयंपाकघरातली कढई ओ देते, असं मेहुणे म्हणतात. आईचा पलंग बैठकीत खिडकीजवळ लावायचा असं ठरलं. ते मला आवडलं. खिडकीपलीकडे काय आहे ते दिसतं.

आदल्या संध्याकाळी मी आईबरोबर द्यायला एक डबी तयार केली. ताईकडे जुना संगणक नाही, म्हणून ह्या डबीतच सगळा प्रोग्रॅम भरला. नुसती भिंतीच्या प्लगला लावली की झालं. मला ऑफिसात आईची एक ओळ दिसत राहावी, एवढीच इच्छा होती. कपडे, औषधं, चष्म्याची घरं, सगळी बांधाबांध एकीकडे चालू होती. बाई नाक ओढत आईच्या साड्यांच्या घड्या घालत होत्या.

"दादा, मी मोठ्याने बोलते म्हणून नाही ना पाठवताय?"

"नाही हो बाई."

"नाही, म्हटलं विचारावं."

सकाळी आई निघायला तयार होईना. ती भिंतीला हात लावून उभी राहिली.

"कुठे जायचंय?"

"ताईकडे."

"तिचा पत्ता काय रे?"

ताई सांगायला तोंड उघडत होती. मी तिचं मनगट इतकं घट्ट धरलं की तिने माझ्याकडे वळून बघितलं.

"मला नाही माहीत," मी आईला म्हणालो. "गाडीवाल्याला माहीत आहे."

"सांगून ठेवायला नको का?"

"कुणाला?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी कोण ते तिला आठवत नव्हतं, हे मला कळलं. अनोळखी माणसाशी बोलतात तशी ती नम्रपणे म्हणाली, "असू दे." आणि चालू लागली.

जिना उतरताना ताई हळूच म्हणाली, "माझा हात दुखतोय. काय झालंय तुला?"

"नंतर सांगतो."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. वर आलो, भिंतीला हात लावला. गार. पेटीकडे बघितलं. माझ्या प्रोग्रॅमशिवाय कुणी काही विचारत नव्हतं. आठवडाभर मी रोज बघितलं. बाईंची सुट्टी, आईची सुट्टी, त्याचीही सुट्टी. भिंत गारच राहिली. घर इतकं शांत होतं की मला रडू आलं, आणि त्यात थोडी सुटकाही होती. ऑफिसात आईची ओळ दिसायची: हालचाल आहे. तेवढं बघून मी उठायचो. आई मला विसरली तरी चालेल, पण ती कुणाला सापडली नाही, असं म्हणत चहा घ्यायचो.

८

आज दुपारी मी घरीच होतो. ताईचा फोन आला.

"तुझा डबा छान चाललाय," ती म्हणाली. "हिरवा दिवा लागतो. आई पण रमलीय रे. मला वाटलं होतं त्रास देईल. खुशाल झोपते."

"खिडकीजवळ ऊन नाही ना लागत?"

"खिडकीजवळ नाहीये आता. तिकडे गाड्यांचा आवाज येतो. तिला मागच्या खोलीत हलवलं."

मी फोन कानाला घट्ट दाबला.

"छोट्या?"

"कुठल्या मागच्या खोलीत, ताई?"

"कुठल्या म्हणजे? आमच्या. स्वयंपाकघराच्या मागची." ती हसली. "इतक्यांदा जेवून गेलास ना इथे. चांगली ऊब आहे तिकडे. मी पण दुपारची तिथेच पडते हल्ली."

तिच्या स्वयंपाकघराच्या मागे ओटा आहे, ओट्यामागे भिंत आहे आणि त्या भिंतीमागे चौदाव्या मजल्याची हवा आहे.

फोन कानाला लावूनच मी संगणक उघडला. ती डबी भरताना घाईत मी तयार असलेली प्रत वापरली होती. मी ती प्रत बघितली. ती जुनी होती. खोटं नाव मी घरच्या प्रोग्रॅममधून काढलं होतं, हिच्यातून नाही. चार नावं, आणि शेवटी पाचवं. माझ्या पडद्यावर तिथली एकच ओळ यावी अशी सोय मी केली होती, म्हणून मला बाकीचं कधी दिसलं नाही. ताईच्या घरी प्लगला लावल्यापासून ती डबी दिवसभर विचारत होती, मागची-खोली कुठे आहे, मागची-खोली कुठे आहे, आणि प्रत्येक प्रश्नाबरोबर ताईचा पत्ता देत होती. आईला मी जो सांगू दिला नव्हता तो.

"ताई," मी म्हणालो, "नीट ऐक. तो डबा आत्ताच्या आत्ता प्लगमधून काढ. आणि आईला घेऊन घराबाहेर ये. जिन्यात ये. मी निघतोच."

"अरे, झालंय काय?"

"काढ आधी."

"बरं बाबा, काढते. आईच्या उशाशीच लावलाय. थांब, जाते. फोन चालूच ठेव." तिने वाटेत मेहुण्यांना काहीतरी सांगितल्याचं ऐकू आलं. मग स्वयंपाकघरातला नळ, तो तिने बंद केला. मग तिच्या सपातांचा आवाज.

तिच्या घरात कुठूनही कुठेही जायला कितीशी पावलं लागतात? मी वाट बघत राहिलो. सपाता वाजत होत्या. आधी जवळ, फरशीवर वाजाव्यात तशा. मग आवाज बदलला, जमीन मऊ असावी तसा झाला. तिचा श्वास ऐकू येत होता. घाबरलेला नव्हता. चालताना माणसाचा असतो तसा.

"ताई, पोचलीस का?"

"येतेच आहे. इथेच आहे."

"ताई, मागे फीर."

"मागेच तर चाललेय."

तिच्या पुढे कुठेतरी, खूप आत, कुणीतरी आईचं ते नाव घेतलं. आवाज थोरल्या मावशीचा असेल असं मला वाटलं होतं. तिचा नव्हता. माझा होता. मी चप्पल वाजवून दारातून हाक मारतो तसा, थोडा दमलेला.

"आहे," आई म्हणाली. मग आनंदाने, "आलास?"

मी मेहुण्यांना दुसऱ्या फोनवरून लावून बघितलं. त्यांनी लगेच उचलला. ताई कुठे आहे विचारलं, तर म्हणाले, मागच्या खोलीत गेलीय, बोलावू का? मी नको म्हणालो, तुम्ही जाऊ नका, दार उघडून जिन्यात उभे राहा. ते हसले आणि म्हणाले, थांब, बोलावतो.

गाडीची किल्ली माझ्या हातात आहे. मी निघायला हवं. पण हा फोन घराबाहेर नेला आणि बंद पडला तर तिच्या पावलांचा आवाज तुटेल, आणि तो ऐकू येतोय तोपर्यंत ती कुठेतरी आहे. म्हणून फोन टेबलावर ठेवून हे लिहितोय, भिंतीपासून लांब बसून.

ऊन गॅलरीतून सरकून माझ्या पायाशी आलं आहे. ताई अजून चालते आहे. तिच्या मागून आता आणखी एकाच्या सपाता वाजतायत.